बंदुकीवर कुणाचं तरी नाव असतं

(ब्रह्मपुरी येथे युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'बंदूक' म्हणालो. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, "सर, शिक्षणावर बोलाल का?" शिक्षणावर सगळेच बोलतात, बोललंही पाहिजे. पण गेल्या वर्षभरात याच भागातल्या आपल्या पोरांनी मला दोन गोष्टी विचारल्या, त्यांची उत्तरं द्यायची राहिली आहेत. म्हणून आज हट्टाने हा विषय घेतला.

पहिला मुलगा सिंदेवाहीकडचा. मे २०२५ मध्ये त्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तो म्हणाला, "सर, बंदुकीचं लायसन्स कसं काढतात? जंगलाच्या काठाला राहतो आम्ही." दुसऱ्याने मोबाईल पुढे केला. लग्नाच्या वरातीत कुणाची तरी बंदूक खांद्यावर टाकून काढलेली रील. म्हणाला, "कशी वाटते?"

एकाला बंदूक भीतीमुळे हवी होती, दुसऱ्याला रुबाबासाठी. दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही. बंदूक हातात आली की गावाला मी कोण वाटेन? आणि माझं नाव मुसलमानाचं असेल तर हा प्रश्न दुप्पट जड होतो, हे इथे बसलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आधी घरची गोष्ट सांगतो. आमच्या दादाजानकडे एकनळी बारा बोअर होती. परवाना पीकसंरक्षणाचा. गाव इथून लांब नाही, सगळा धानाचा पट्टा. धान निसवायला लागलं की रात्री दार वाजायचं. "चाचा, या जी आज. बांधीत डुकरं उतरून राह्यली." दादाजान कंदील, घोंगडी आणि मोजून चार काडतुसं घेऊन जागलीला जायचे. बहुतेक रात्री एक बार हवेत काढला की काम व्हायचं. सकाळी घरी आल्यावर पहिलं काम चहा नाही, वही. कुणाच्या शेतात गेलो, किती काडतुसं नेली, किती उडाली, रिकामी नळकांडी किती परत आणली. कुणी म्हणालं, "चाचा, सांबर हाय नाल्याकडे, होऊन जाऊ द्या", तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "परवान्यावर सांबर लिहिलेलं नाही."

ती वही मला लहानपणी वेडेपणा वाटायची. डिसेंबर १९९२ मध्ये तिची किंमत कळली. वातावरण बिघडलं, परवानाधारकांना बंदुका जमा करायला सांगितलं. दादाजान दुसऱ्या दिवशी सकाळीच जमा करून पावती घेऊन आले. त्याच आठवड्यात बाजारात हवा उठली की "त्यांच्या घरी बंदुका आहेत". एकीच्या बंदुका झाल्या होत्या. चहाच्या टपरीवर हे बोलणं चाललेलं असताना, ज्यांच्या बांधीत दादाजान वर्षानुवर्षं जागलीला बसले होते ते एक कुणबी शेतकरी उठून म्हणाले, "एकच हाय, अन् ती ठाण्यात जमा हाय. पावती म्या पाह्यली." बोलणं तिथेच संपलं.

लक्षात घ्या, त्या दिवशी आमचं घर बंदुकीने वाचवलं नाही. बंदूक तर घरात नव्हतीच. वाचवलं ते पावतीने, आणि पावती पाहिलेल्या माणसाने. आणि तो माणूस ती पाहायला आमच्या घरी आला, कारण आधी त्याच्या शेतात कुणीतरी रात्री जागवल्या होत्या.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. बंदूकधारकाची समाजातली प्रतिमा बंदुकीने घडत नाही, तो किती जाब देतो यावर घडते. आता हेच जरा कायद्यातून आणि आपल्या भागात घडलेल्या गोष्टींमधून पाहू.

इंग्रजांनी १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात, शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट. म्हणजे बंदूक कुणाच्या हातात शोभते हे कातडीवरून ठरत होतं. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला आणि तो भेद काढून टाकला. आता परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि अर्जदाराची जात किंवा धर्म ही कसोटी नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी वाटली तर तिचा परवाना द्यावा, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

त्या रीलवाल्या भावासाठी याच दुरुस्तीतली आणखी एक ओळ आहे. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी मिरवणं हेसुद्धा परवाना जाण्याचं कारण आहे. तू ती खांद्यावर टाकलीस, रील तुझी झाली, पण परवाना गेला तर तो ज्याने दिली त्या मामूचा जाईल.

आणि आपल्या दीनमध्ये काय सांगितलंय? मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोकं हाताने धरून जावं, कुणाला ओरखडाही लागू नये, अशी प्रेषितांची, त्यांच्यावर शांती असो, शिकवण हदीसमध्ये आहे. थट्टेतही भावावर हत्यार रोखू नये, हेही आहे. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा शस्त्र नियमच म्हणा ना. हत्यार ज्याच्या हातात, काळजी त्याने घ्यायची. समोरच्याने घाबरून बाजूला व्हायचं नाही.

आता ब्रह्मपुरीची गोष्ट. २०१७ चा उन्हाळा-पावसाळा तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. इथल्या जंगलातल्या एका वाघिणीने माणसं मारली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. जुलैमध्ये तिला जिवंत पकडलं आणि गळ्यात रेडिओ कॉलर घालून वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलं. तिकडेही माणसं गेली, पुन्हा मारण्याचा आदेश, पुन्हा न्यायालय. सगळा महाराष्ट्र भांडत होता की तिला बंदुकीने मारावं की नाही. आणि ऑक्टोबरमध्ये ती मेली कशाने? शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे बंदुकीची चर्चा मोठी आणि तारेची चर्चा नाही. करंट लावणारा शेतकरी दुष्ट नसतो. रोवणीपासून राबून उभं केलेलं धान एका रात्रीत लोळवलेलं पाहिलं की माणूस हताश होतो. पण ती तार डुक्कर आणि वाघ ओळखत नाही. शेजारच्या बांधीत पाणी पाहायला निघालेला माणूस ओळखत नाही. आणि तारेवर कुणाचं नाव नसतं. सकाळी ती गुंडाळून ठेवली की रात्री काय झालं याचा जाब द्यायला कुणीच उरत नाही. बंदुकीवर नंबर असतो, परवान्यावर नाव असतं, काडतुसाचा हिशेब असतो. बंदूक चांगली असते असं मी म्हणत नाही. पण जिला जाब विचारता येतो ती गोष्ट आणि जिला विचारता येत नाही ती गोष्ट, यांत फरक आहे. समाजाची भीती खरी तर त्या दुसऱ्या गोष्टीची असते. विनापरवाना बंदूक म्हणजे नळीची तारच.

वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत हे आणखी कठीण आहे. तिथल्या गावांत शेतासाठी आणि शिकारीसाठी ठासणीच्या बंदुका, ज्यांना भरमार म्हणतात, पिढ्यान्पिढ्या होत्या. नक्षल चळवळीच्या काळात घरातली भरमार म्हणजे दोन्हीकडून संकट. एका बाजूला ती घेऊन जाणारे, दुसऱ्या बाजूला ती का ठेवली म्हणून विचारणारे. पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावकऱ्यांनी त्या स्वतःहून जमा केल्या. बंदूक ठेवणं ही कधीच नुसती खासगी बाब नसते, हे त्या गावांना आपल्या आधी कळलं.

आता तुमच्या मनात असलेलं नाव घेतो. अवनी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-१ वाघीण. तिने तेरा माणसं मारल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेश असा होता की आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करा, ते जमलंच नाही तर गोळी. हैदराबादचे शिकारी नवाब शफाअत अली खान यांना त्यासाठी बोलावलं होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळी झाडली ती त्यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी. वाघीण गाडीवर धावून आली म्हणून स्वसंरक्षणासाठी झाडली, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी दोन चित्रं दिसली. तिकडच्या गावांत फटाके आणि पेढे, मुंबई-पुण्यात मेणबत्त्या आणि निषेध. केंद्रातल्या मंत्री मेनका गांधी राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर जाहीरपणे तुटून पडल्या. त्याआधी २०१६ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या रानडुकरांच्या शिकारीवरून त्यांचा प्रकाश जावडेकरांशी असाच जाहीर वाद झाला होता. एकच गोळी, पण गावात नायक आणि शहरात खलनायक.

तिसरं चित्र माझ्या मोबाईलमध्ये होतं. काही संदेशांत वाघीण बाजूलाच राहिली होती, फक्त नाव उरलं होतं, 'बघा कोण आहे ते'. आणि आपल्या काही गटांत त्याच नावाचा अभिमान, 'बघा, आपला नवाब'. मला दोन्हींची लाज वाटली. पहिल्यांना गोळीत धर्म दिसला, दुसऱ्यांनाही तोच दिसला.

खरा प्रश्न राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने विचारला. आदेशात अधिकार ज्यांना दिला होता त्यांच्याऐवजी दुसऱ्याने गोळी कशी झाडली? सोबत पशुवैद्य का नव्हता? त्यांच्या अहवालात शस्त्र कायद्याच्या उल्लंघनाचाही उल्लेख होता. बघा, आलं ना फिरून तिथेच. परवाना कुणाच्या नावावर आणि बोट कुणाचं? बाप आणि मुलगा असले तरी कायद्याला ती दोन माणसं आहेत. मुसलमान म्हणून आपण त्यांचा बचावही करू नये आणि त्यांच्यामुळे मान खालीही घालू नये. नागरिक म्हणून हेच प्रश्न आपण विचारावेत. तेरा घरांचं दुःखही खरं आणि नियमही खरा, असं एका दमात म्हणता आलं पाहिजे.

"पण सर, काही समाजांच्या बंदुकीचं कौतुक होतं, आपल्याच बंदुकीची भीती का?" हा प्रश्न येणारच. कर्नाटकातल्या कोडगूचं उदाहरण देतो. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली गेली. कैलपोढ सणाला ते बंदुकीला फुलं वाहतात. त्यांचा करिअप्पा फील्ड मार्शल झाला, थिमय्या लष्करप्रमुख झाले. अशी सूट जन्मावरून असावी का, हा वाद जरूर घालता येईल, न्यायालयातही तो झाला आहे. प्रत्येक समाजाला समाज एका मापाने मोजतो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. आपल्याकडे संशयाने पाहिलं जातं हे आपण रोज अनुभवतो. पण कोडवांकडे एक गोष्ट आहे जी आपल्यालाही करता येते. सूट असूनही ते जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घेतात. त्यांची बंदूक कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लपवलेली बंदूक आणि मिरवलेली बंदूक दोन्ही भीती निर्माण करतात. माहीत असलेली बंदूक करत नाही.

केरळने मे २०२२ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. रानडुकरांनी शेती बसवली तेव्हा सरकारने पंचायतीच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करायला सांगितलं. तक्रार आली की पंचायत आदेश देणार, यादीतला माणूस जाणार, नोंद होणार. विष, स्फोटकं आणि विजेचा करंट वापरायला साफ मनाई. म्हणजे आमच्या दादाजानची वहीच सरकारी झाली म्हणा. महाराष्ट्रातही पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वनविभागाची परवानगी घेण्याचा मार्ग आहे. परवानगी आधी, गोळी नंतर. उलट केलं तर तो गुन्हा आहे, मग डुकराने कितीही धान खाल्लेलं असो.

आणखी एका बंदूकवाल्या मुलाची आठवण काढतो. मुंबईतलं आपलंच बोहरी मुसलमान घर, मामा अमीरुद्दीन तय्यबजी शिकारी. १९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या त्या भाच्याने एअरगनने एक चिमणी पाडली. उचलून पाहिली तर गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली? मामांनाही सांगता आलं नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. मुलगा घाबरत गेला आणि पक्ष्यांच्या दुनियेतून परत आलाच नाही. ते सलीम अली. पुढे पद्मविभूषण झाले. दुसऱ्या कुणा मुलाने ती चिमणी पिशवीत टाकली असती. सलीम अलींनी विचारलं, 'मी काय मारलं?' जाब विचारायची सवय त्यांनी स्वतःपासून सुरू केली.

आता त्या दोन मुलांना उत्तरं देतो.

रीलवाल्या भावा, ती काढून टाक. तुला नेमबाजीच आवडत असेल तर रायफल क्लबचा रस्ता आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. मैराज अहमद खानने २०२२ मध्ये स्कीटमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण आणलं. त्यांच्या हातात बंदूक पाहून कुणी दचकत नाही, कारण तिथे प्रत्येक गोळीचा गुण मोजला जातो.

सिंदेवाहीच्या भावा, तुझी भीती खरी आहे, तिची मी थट्टा करणार नाही. परवान्यासाठी अर्ज करणं तुझा हक्क आहे. गरज असेल तर कर, पोलीस पडताळणीला घाबरू नको, कागद सरळ ठेव. पण खरं सांगतो, तेंदूच्या झुडपात वाकलेल्या बाईवर मागून वाघ आला तर घरातली बारा बोअर तिला वाचवणार नाही. तिला वाचवेल आदल्या संध्याकाळी मिळालेली खबर. वनविभागाची प्राथमिक प्रतिसाद दलं गावागावांत आहेत, त्यात नाव दे. वाघ शिवारात दिसला की गर्दी जमवून व्हिडिओ काढणाऱ्यांना मागे सारायचं काम कर. ताडोब्याच्या बचाव पथकातला नेमबाज भुलीचं इंजेक्शन झाडतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त त्रास वाघाचा नसतो, आपल्या गर्दीचा असतो.

आणि कागदाचं काम कर. हल्ल्यात माणूस गेला तर सरकारकडून लाखांत मदत मिळते, पिकाच्या नुकसानीचीही मिळते, पण पंचनामा वेळेत झाला आणि अर्ज बरोबर भरला तरच. शिकलेल्या पोरांनी प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक टोलीत एक जण ठरवा, जो हे अर्ज भरून देईल. अर्ज भरताना अर्जदाराचं आडनाव पाहू नका. कुठे कुंपणात करंट सोडलेला कळला तर आधी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन समजवा. ऐकलं नाही तर कळवा. तो आपल्या मोहल्ल्यातला असला तरी कळवा.

ज्यांच्या घरी परवाना आहे त्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. बंदूक कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलाला, पुतण्याला, जावयाला 'फक्त फोटोला' म्हणूनही देऊ नका. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर बोलावणं येण्याआधी जा. आणि वही ठेवा.

दादाजान गेल्यावर त्यांची एकनळी आम्ही रीतसर जमा केली. परवाना पुढे चालवायचा नाही असं घरात ठरलं. वही मात्र माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलंय: कुणाच्या बांधीत गेले ते नाव, नेलेली काडतुसं चार, उडालेली शून्य, परत आणलेली चार. त्या रात्री डुकरं आलीच नसावीत. नुसते बसून आले.

गावाने त्यांना लक्षात ठेवलं आहे ते अशाच रात्रींसाठी.